तंबाखूचे हात, मागाचे कान : सोलापुरातल्या एका घरातली उपासना

चर्चतर्फे घरभेटींना जाणाऱ्या आम्हा चार-पाच जणांच्या बैठकीत ठरलं की हे प्रकरण कुणीतरी नीट लिहून काढावं. ते काम माझ्याकडे आलं, कारण त्या घरात सगळ्यात जास्त वेळा मीच गेले होते आणि सगळ्यात मोठी चूकही माझ्याच हातून झाली होती. मी निवृत्त शिक्षिका आहे, चर्चमध्ये संडे स्कूल बघते. घरच्यांना हा मजकूर वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. नावं घातलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घर

सोलापूरचा पूर्व भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. गल्लीच्या एका टोकाला उभं राहिलं की मागांचा खडखडाट ऐकू येतो, आणि ओट्याओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतात. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, सगळ्या भाषा एका नळावर भेटतात. अशाच एका गल्लीत दोन खोल्यांचं हे घर आहे.

नवरा 42 वर्षांचा, चादरीच्या मागावर कामाला. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. बायको 37 वर्षांची, घरी विड्या वळते. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. दीड वर्षापूर्वीपर्यंत घरात सासूबाई होत्या. त्यांना मी आजी म्हणेन, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सगळे तेच म्हणत. आजींचं माहेर नेवासे तालुक्यातलं वडाळा, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. लिहायला-वाचायला जेमतेम, पण लहानपणी बायबल बाईंनी, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या मिशनच्या बाईंनी, शिकवलेली गीतं शेवटपर्यंत तोंडपाठ होती. त्यातली निम्मी नारायण वामन टिळकांची. टिळक 1919 साली गेले. त्यांच्या कितीतरी रचना अजून आमच्या बायकांच्या ओठांवर आहेत याचं कारण माझ्या मते त्यांच्या चालीत आहे. ओवी आणि अभंगाच्या अंगाने जाणारं गाणं हातातलं काम न थांबवता म्हणता येतं. परक्या चालीवर बेतलेल्या भाषांतरित गीतांना बाजाची पेटी लागते, पुस्तक लागतं, उभं राहावं लागतं. आजी पानं कापता कापता गायच्या.

आजी प्रभूमध्ये निजल्या आणि त्या घरातलं गाणं थांबलं.

मागणी आणि माझा तक्ता

गेल्या जूनमध्ये एका रविवारी भक्ती संपल्यावर सून माझ्यापाशी आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी, अजून मला ‘बाई’च म्हणते. म्हणाली, “बाई, आमच्या घरात प्रार्थनाच राहिली नाही बघा. पोरगा चर्चला यायला नको म्हणतो. हे आले तर बसल्या बसल्या झोपतात. तुम्ही कायतरी करा की.”

मी काय केलं ते स्पष्ट लिहिते, कारण आपल्यातले बहुतेक जण नेमकं हेच करतात. त्याच आठवड्यात एक तक्ता आखला. रोज रात्री आठ ते साडेआठ कौटुंबिक उपासना : एक गीत, एक शास्त्रपाठ, छापील मननाच्या पुस्तिकेतलं एक पान, प्रत्येकाची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. तारखांचे चौकोन, झालं की टिक करायची. कार्डशीटवर माझ्या अक्षरात लिहून तो भिंतीवर लावला. पाळकसाहेबांनीही कौतुक केलं.

पाच आठवड्यांनी गेले तेव्हा सगळ्या चौकोनांत टिका होत्या. मला फार आनंद झाला. निघताना मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “टीचर, त्या टिका दादाने एकाच दिवशी केल्यात.”

मी घरी येऊन आठ वाजताचा विचार केला, जो आधी करायला हवा होता. रात्रपाळीच्या आठवड्यात आठ वाजता बाप डबा घेऊन घराबाहेर पडतो. दिवसपाळीच्या आठवड्यात तो आठ वाजता घरात पाऊल ठेवतो, अंगावर सुताची रुई, पोटात भूक. आईच्या विड्या सकाळी कारखान्यात द्यायच्या असतात, म्हणून रात्री आठ ही तिची सगळ्यात घाईची वेळ. शिवाय आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं आणि कधी येईल त्याचा नेम नसतो. पाण्याच्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस कळशी घेऊन उभा असतो. त्या तक्त्यात माझ्या निवृत्त घराची वेळ होती. त्यांच्या घराची नव्हती.

मुलाला मी रागावले नाही, पण विचारलं की खोट्या टिका का केल्या. तो म्हणाला, “आई रोज तक्त्याकडे बघून रडायची. आणि टीचर, देवाला टिक पाहिजे असते का?” मी तक्ता काढून घेतला.

ओट्यावरची दुपार

ऑगस्टमध्ये मी ठरवलं की काहीच घेऊन जायचं नाही. नुसतं बसायचं. मंगळवारी दुपारी ओट्यावर जाऊन बसले. शेजारच्या दोन तेलुगू बायकाही सूप घेऊन आल्या होत्या.

विडी वळताना कधी जवळून पाहिलं नसेल तर सांगते. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीने ती एकसारखी कापायची. मग पान तळहातावर, चिमूटभर तंबाखू, दोन्ही अंगठ्यांनी एक वेढा, टोक नखाने आत मुडपायचं, दोरा, झालं. या सगळ्याला विडीमागे काही क्षणच लागतात. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे. पान जळकं किंवा वळण सैल असलं तर कारखान्यात छाट निघते आणि तेवढे पैसे बुडतात. तिची बोटं पहिल्या पेरापर्यंत तपकिरी झालेली आहेत. साबणाने तो रंग जात नाही.

तासभर इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी सहज विचारलं, “आजींचं शास्त्र कुठे असतं गं?”

तिने मान वर करून आतल्या फळीकडे पाहिलं. तिथे आजींच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं बायबल होतं. “मी हात लावत नाही, बाई.” का, म्हणून विचारलं तर बराच वेळ काही बोलली नाही. तिचे हात मात्र चालूच होते. शेवटी सांगितलं. आजी जाण्याच्या आधी, बायकांच्या एका सभेत बाहेरगावचे एक वक्ते आले होते. ते म्हणाले, ज्या घरात विडीकाडी बनते त्या घरातली प्रार्थना छपराच्या वर जात नाही. सभेत विड्या वळणाऱ्या पंधरा-वीस जणी तरी असतील. कुणी काही बोललं नाही. “तेव्हापासून असल्या हाताने शास्त्र कसं उघडू? आत्या होत्या तोवर त्या सांभाळायच्या. आता कोण उघडणार?”

त्या सभेला मीही होते. मला ते वाक्य आठवतही नव्हतं. माझ्या कानांवरून जे निघून गेलं त्याने हिच्या घरातलं पुस्तक आजी गेल्यापासून बांधून ठेवलं होतं.

इथे माझं मत लिहून टाकते. तंबाखू माणसाला मारतो, यात मला शंका नाही. वळणाऱ्या बायकांनाही ती भुकटी सोडत नाही. खोकला, पाठ, खांदे, डोळे, सगळ्याची किंमत त्या मोजतात. पण ज्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला भारताने 2004 मध्ये मान्यता दिली, त्याच्या 17व्या कलमातच लिहिलं आहे की तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडेल असा दुसरा रोजगार मिळावा म्हणून साहाय्य करायचं. सरकारांना जे सुचलं ते व्यासपीठावरून बोलणाऱ्या आपल्या माणसाला सुचू नये, याचं मला फार वाईट वाटलं. पर्याय हातात न देता हात तेवढे अपवित्र ठरवले, आणि आम्ही सगळ्यांनी खाली बसून ‘आमेन’ म्हटलं.

मी तिला समजावत बसले नाही. पिशवीतून माझं बायबल काढलं आणि मार्कच्या पहिल्या अध्यायातली कुष्ठरोग्याची गोष्ट वाचली. तो गुडघे टेकून म्हणतो, तुझ्या मनात असेल तर तू मला शुद्ध करू शकतोस. येशूला त्याचा कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला शिवतो, आणि मग म्हणतो, माझ्या मनात आहे. लेवीय पुस्तकाच्या 13व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचं, आपण अशुद्ध आहोत असं ओरडत फिरायचं. त्याला शिवायचं धाडस कुणी करत नसे.

तिचे हात पहिल्यांदा थांबले. “बाई, आधी शिवला का आधी बरा केला?”

इतकी वर्षं ही गोष्ट शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुन्हा वाचून पाहिलं. “आधी शिवला,” मी म्हटलं.

“दाखवा.” तिने सूप बाजूला ठेवलं, हात नुसते पदराला पुसले आणि त्या ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचली, अक्षर अक्षर लावत. बोट उचललं तेव्हा पानावर तपकिरी ठसा उमटला होता. ती घाबरली. तो ठसा अजून माझ्या बायबलात आहे आणि ते पान माझ्या डोळ्यांसमोर मुद्दाम उघडं राहावं असं मला वाटतं.

जे आधीपासून चालू होतं

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट कळली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तीच आहे. मी विचारलं, “मग इतके दिवस तू प्रार्थनाच केली नाहीस?” ती म्हणाली, “तशी प्रार्थना नाही हो. कट्ट्याला नाव घेते तेवढंच.”

कट्ट्याला नाव म्हणजे काय, तर आजींची सवय. एक कट्टा बांधून झाला की एका माणसाचं नाव देवापुढे घ्यायचं आणि दोरा कापायचा. नवरा, मुलं, भाऊ, शेजारची बाळंतीण, कारखान्यात विड्या मोजून घेणारा कारकून. चाळीस कट्टे, चाळीस नावं. सून हे रोज करत होती, आजी गेल्यावरही, शास्त्र फळीवर बांधून ठेवल्यावरही. डोळे मिटलेले नाहीत, हात जोडलेले नाहीत, ‘येशूच्या नावात मागतो’ असा शेवट नाही, म्हणून तिच्या लेखी ती प्रार्थना नव्हती. आणि जूनमध्ये ‘घरात प्रार्थनाच राहिली नाही’ असं तिने सांगितल्यावर मीही ते खरं धरून वरून तक्ता नेऊन लावला होता.

तिच्या यादीत शेवटचा, चाळीसावा कट्टा कुणाचा, असं मी नंतर कधीतरी विचारलं. “ते पाहुणे वक्ते,” ती म्हणाली. “नाव माहीत नाही, म्हणून नुसतं ‘ते साहेब’ म्हणते.”

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला त्याच्या आजीचं, लोईसचं, आणि आईचं, युनीकेचं नाव आहे. विश्वास आधी त्यांच्या ठायी होता, मग याच्या. वडील हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होते, एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं. आपण संडे स्कूलमध्ये हे पाठ करून घेतो, पण आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून नातवंडांकडे तो नेमका कोणत्या कामाच्या वाटेने जातो हे विचारत नाही. या घरात तो कट्ट्याच्या दोऱ्याने गेला होता. मुलांना मात्र त्याचा पत्ता नव्हता, कारण आई नावं मनातच घ्यायची. मी एवढंच सुचवलं की मुलं घरी असतील तेव्हाचे दोन-चार कट्टे मोठ्याने घे. दुसऱ्या आठवड्यात मुलगी स्वतःच नावं सांगू लागली. त्यात तिच्या वर्गातली एक रुसलेली मैत्रीणही होती.

बाप का झोपायचा

बापाबद्दल आम्हा सगळ्यांचं मत ठरलेलं होतं : माणूस चांगला, पण देवाधर्मात मन नाही. रविवारी सुट्टी जुळली आणि आलाच, तर मागच्या बाकावर प्रवचन सुरू होताच डोळे मिटतात.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी तो रात्रपाळीहून आला तेव्हा मी घरात होते. तो मोरीपाशी तोंड धूत होता. मी मागून दोनदा हाक मारली. तो वळलाच नाही. मुलीने जाऊन दंडाला हात लावला तेव्हा दचकून वळला आणि हसला. “सलाम बाई, कवा आलात?”

वीस वर्षं मागांच्या शेडमध्ये. एका शेडमध्ये कितीतरी माग एका वेळी चालतात, शेजारच्याशी खुणांनीच बोलावं लागतं. घरात तो मोठ्याने बोलतो याचं सगळ्यांना सवयीने काही वाटत नव्हतं. आम्ही त्याला कान तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : आवाजाने बिघडलेल्या कानाला आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं त्यातच गळतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. त्यात आमचं चर्च जुनं, छत उंच, आवाज घुमतो. म्हणजे तो माणूस वर्षानुवर्षं रविवारी येऊन एक तास नुसता घुमणारा आवाज ऐकत बसला होता. झोपेल नाहीतर काय करेल? आणि लाजेपोटी त्याने हे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

इथून पुढची व्यवस्था त्या घरानेच बसवली. मी फक्त मार्कचं शुभवर्तमान सुचवलं, कारण चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात आटोपशीर, 16 अध्यायांचं, आणि त्यात गोष्टी एकामागून एक भराभर घडतात. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप सकाळी घरी आला की चहा घेताना, दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर मुलगी त्याच्या समोर बसून पाच-सहा वचनं वाचते. समोर बसते म्हणजे त्याला तिचे ओठ दिसतात. ओरडायचं नाही, सावकाश वाचायचं, हे तिला तपासणीच्या ठिकाणी सांगितलं होतं. पाण्याचा दिवस असला तर सुट्टी, त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. सगळं पाच ते सात मिनिटांत उरकतं. आजींचं बायबल लुगड्यातून बाहेर आलं आहे. लुगड्याचा तो तुकडा आता त्याच्याखाली अंथरतात.

बापाने आपल्या बाजूने एक भर घातली. चादरीची नक्षी ज्यांवर चालते त्या जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या छिद्रांच्या पट्ट्या जुन्या झाल्या की टाकून देतात. त्यातली एक तो घरी घेऊन आला आणि मुलीला म्हणाला, “याच्यावर मोठं मोठं लिहून दे, डब्यात ठेवतो.” तिने मला विचारलं काय लिहू. मी 134वं स्तोत्र सांगितलं. अवघी तीन वचनं, रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी. यरुशलेमेला चढून जाताना म्हणायच्या पंधरा स्तोत्रांतलं ते शेवटचं. छिद्रांच्या अधूनमधून मावतील तशी अक्षरं बसवली आहेत, एक शब्द तर दोन छिद्रांमुळे तीन तुकड्यांत लिहिला आहे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, बऱ्याच वर्षांनी शास्त्र स्वतः वाचत होता, पहाटे तीनला, चहाच्या सुट्टीत, मागाशेजारी उभा राहून.

नावेतली उशी

वाचन मार्कच्या चौथ्या अध्यायाशी आलं तेव्हा मुलगाही घरात होता. तो वाचनाला बसत नसे, कोपऱ्यात मोबाइल घेऊन पडून असे. मुलीने वादळाची गोष्ट वाचली. लाटा नावेत शिरताहेत आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला आहे. मुलगा कोपऱ्यातून म्हणाला, “झोपला होता? मग देव कसला?”

आईने डोळे वटारले. बापाने मात्र विचारलं, “काय म्हणतोय तो?” मुलीने परत सांगितलं. बाप थोडा वेळ चहाच्या कपात बघत राहिला आणि म्हणाला, “दमला असेल. दिवसभर नावेत बसून लोकांशी बोलत होता की. माणूस दमतो.” रात्रपाळी करून आलेला माणूस हे बोलत होता. मुलाने बापाच्या तोंडून देवाबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

मुलगा तेवढ्यावर थांबणारा नव्हता. आजींचं आवडतं 121वं स्तोत्र त्यालाही पाठ आहे. त्यात इस्राएलाचा रक्षणकर्ता झोपत नाही, डुलकीही घेत नाही. दोन्ही खरं कसं, हे त्याने रविवारी मला संडे स्कूलच्या दारात गाठून विचारलं. मी सांगितलं की तू जे विचारतोयस त्यावर मंडळीने कित्येक पिढ्या वाद घातला. इ. स. 451 मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेत ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्हींपैकी काहीही कमी न करता, असं मांडलं गेलं. परिषदेने ते कसं जमतं हे समजावून दिलं नाही, फक्त दोन्हींपैकी एकही सोडायचं नाही एवढं ठरवलं. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हालापण कळलेलं नाही.” मी हो म्हटलं. त्या दिवशी तो संडे स्कूलला आत येऊन बसला. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतर कधी येतो, कधी येत नाही. मी हे लपवत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला उत्तर मिळालं की तो सुधारतो, असा अनुभव मला शाळेतही नव्हता. पण कोपऱ्यातून प्रश्न मात्र येतात, आणि वाचन चालू असताना तो मोबाइलचा आवाज बंद करतो.

सातवा अध्याय

नोव्हेंबरच्या शेवटी मार्कचा सातवा अध्याय आला. हा अध्याय त्या घरासाठी लिहिला आहे असं मला अजून वाटतं. त्याची सुरुवातच हातांपासून होते. शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात अशी परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, तक्रार करतात, आणि येशू म्हणतो की माणसाला भ्रष्ट करतं ते आतून, मनातून निघतं. ते वाचल्यावर सून मला फोनवर म्हणाली, “बाई, हे पण त्यातच होतं. मग सभेत ते का वाचलं नाही?” मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीत मी तो प्रश्न तसाच्या तसा मांडला.

त्याच अध्यायाच्या शेवटी बहिऱ्या, तोतऱ्या माणसाची गोष्ट आहे. ही गोष्ट फक्त मार्कमध्ये आहे. येशू त्याला लोकसमुदायातून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो आणि आभाळाकडे पाहून ‘इप्फाथा’ म्हणतो, मोकळा हो. त्या सकाळी मी हजर होते. मुलगी वाचता वाचता अडखळली, कारण तिला पुढे काय आहे ते दिसलं होतं. बापाने मानेने खुणावलं, वाच.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “बाजूला नेलं, हे बरोबर केलं. गर्दीत कायच कळत नाही माणसाला.” आजवर या गोष्टीवर मी किती प्रवचनं ऐकली असतील. सगळी ‘मोकळा हो’वर. बाजूला नेण्यातली दया बहिऱ्या माणसालाच दिसली.

मग त्याने विचारलं, “माझे उघडतील का, बाई?” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. यंत्राने मदत होईल, आणि मागावर जाताना कानांत बोळे घातले तर उरलेली टिकेल. मी त्याला हेच पुन्हा सांगितलं आणि आम्ही प्रार्थना केली, बरं होण्यासाठीही केली. खोटा धीर मी दिला नाही. त्याला तो चाललाही नसता. त्याने बोळे घालायला सुरुवात केली आहे. यंत्राचे पैसे अजून जमलेले नाहीत.

पाळकसाहेबांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी एक साधी गोष्ट केली. शनिवारी प्रवचनाचा पाठ आणि चार-पाच ओळींचा सारांश मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून या घरी पाठवतात. हल्ली आणखी सहा जण तो कागद मागून नेतात, त्यातले चौघे मागावर काम करणारे किंवा केलेले आहेत. ते सगळे इतके दिवस मागच्या बाकांवरच बसत होते.

आज काय स्थिती आहे

मार्क संपायला सात महिने लागले. रोज वाचलं असतं तर एवढे लागले नसते. रोज वाचलं गेलं नाही. नाताळच्या आठवड्यात सलग नऊ दिवस बंद होतं, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मुलं संध्याकाळभर बाहेर होती, मार्चमध्ये मुलीची परीक्षा. दर वेळी पुन्हा सुरू झालं, आणि मी न सांगता झालं, याचं मला मोल वाटतं. उपवासकाळात चौदावा-पंधरावा अध्याय आला तो ठरवून आला नव्हता. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री गेथशेमानेचा, म्हणजे अटकेआधीच्या येशूच्या प्रार्थनेचा, भाग वाचायचा होता आणि बाप रात्रपाळीवर होता. मुलीने तो भाग पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहायला घेतला. मावला नाही. मग ‘जागे राहा आणि प्रार्थना करा’ एवढंच लिहून डब्यात ठेवलं.

बायकांची दर बुधवारची सभा आता महिन्यातून दोनदा त्या ओट्यावर भरते, सूप मांडीवर ठेवूनच. शेजारच्या तेलुगू बायकांपैकी एक आजींच्या गीताची चाल गुणगुणते, शब्द तिचे वेगळेच असतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज आम्ही मुलासाठी भरला. विडी सोडून दुसरं काही काम मिळतंय का याचा शोध चालू आहे. शिवणाचं यंत्र घ्यायचा विचार आहे, पण हजार विड्यांची रोजची मजुरी सोडून शिकायला बसायचं कसं हा प्रश्न सुटलेला नाही. त्यावर मंडळीने पैसे उभे करावेत असं मी बैठकीत मांडलं आहे. निर्णय व्हायचा आहे.

परवा गेले तेव्हा सून पानं कापत होती. मार्क संपल्यावर पुढे काय, असं मुलीने घरात विचारलं होतं. आईला बायबलमधलं रूथचं पुस्तक हवं होतं. बाप म्हणाला, लूकचं शुभवर्तमान. त्याला कुणीतरी सांगितलंय की त्यात रात्रपाळीच्या मेंढपाळांची गोष्ट आहे. कोपऱ्यातून मुलगा म्हणाला, “रूथ लहान आहे, आधी ती उरकून टाका.” सोमवारी बापाची दिवसपाळी सुरू होते, तेव्हा रात्री जेवणानंतर रूथ सुरू होईल. सोमवारी पाणी यायचं आहे, त्यामुळे कदाचित मंगळवारी.